आमच्या उपकेंद्राचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेले नऊ महिने मी आणि आई गावच्या उपकेंद्रात नियमित जात आहोत. 2018 पासून अशा उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली आणि 2023 मध्ये त्यांचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झाले, तरी गावात सगळे अजून उपकेंद्रच म्हणतात. पूर्वी लहान मुलांचे डोस आणि गरोदर बायकांची तपासणी सोडली, तर आमचे तिथे काही काम पडत नसे.

तीस वर्षांवरील सर्वांचा फॉर्म भरायचा म्हणून आशाताई घरी आल्या. वय, कमरेचा घेर, तंबाखू, व्यायाम, घरात कोणाला बीपी किंवा शुगर आहे का, असे विचारून त्यांनी गुण मांडले आणि माझे गुण चाराच्या वर गेल्यामुळे तपासणीला येण्याचा आग्रह धरला. मला काहीच त्रास होत नव्हता, त्यामुळे मी दोन आठवडे टाळाटाळ केली. शेवटी गेलो, तेव्हा सीएचओ (उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी मला पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसवले, पाय जमिनीवर आणि हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि मगच दंडाला पट्टा बांधला. बीपी 158/98 निघाले. पुन्हा बोलावून मोजले तरी ते तसेच होते, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी गोळी सुरू केली. आता दर महिन्याला गोळ्या उपकेंद्रातच मोफत मिळतात आणि गेल्या खेपेला बीपी 132/84 होते.

आईची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. ती चाळीस वर्षे मिश्री लावत होती. मॅडमनी बॅटरीच्या उजेडात तिचे तोंड तपासले, तेव्हा डाव्या गालाच्या आत नखाएवढा पांढरा चट्टा दिसला. तो दुखत नसल्याने तिला त्याचा पत्ताही नव्हता. पुढे मोठ्या रुग्णालयात तुकडा काढून तपासला. कर्करोग नाही, पण मिश्री थांबवलीच पाहिजे, असे सांगण्यात आले. चाळीस वर्षांची सवय एका दिवसात सुटत नाही. मध्ये एकदा तिने पुन्हा मिश्री लावलीही, पण आशाताई दर आठवड्याला येऊन विचारत राहिल्या आणि आता तीन महिने डबा बंद आहे.

तक्रार आहे ती गोळ्यांच्या पुरवठ्याची. सातव्या महिन्यात जवळजवळ तीन आठवडे बीपीच्या गोळ्या आल्याच नाहीत. मी तालुक्याहून विकत आणल्या, परंतु ज्यांना ते जमले नाही त्यांनी गोळी सोडून दिली आणि त्रास होत नाही म्हणून त्यातले काही जण अजून परत आलेले नाहीत. ज्या आजाराचे लक्षणच दिसत नाही, त्याच्या औषधात असा खंड पडणे मला फार गंभीर वाटते. शिवाय गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी स्वतंत्र खोली नाही, नुसता पडदा आहे, त्यामुळे बायका ती टाळतात. ग्रामपंचायतीने किमान दार असलेली एक खोली द्यावी, असा अर्ज आम्ही काही जणांनी दिला असून तो पुढच्या ग्रामसभेत येणार आहे.