कंपनी वित्त व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण: विशेष पदवी, एमबीए की व्यावसायिक परीक्षा?

कंपनीने पैसा कोठे गुंतवावा, तो कोठून उभारावा आणि झालेल्या नफ्यातून भागधारकांना किती द्यावे, या तीन प्रश्नांभोवती कंपनी वित्त व्यवस्थापन हा विषय उभा आहे. रोजच्या व्यवहारासाठी लागणारे खेळते भांडवल सांभाळणे हा त्याचा चौथा भाग होय, आणि शिकवताना बहुधा तोच सर्वांत आधी आखडला जातो. पदवीनंतर हा विषय शिकायचा असेल तर मुख्यतः तीन वाटा समोर येतात: वित्त या एकाच विषयाला वाहिलेली एमएस्सीसारखी विशेष पदवी, वित्त हा विशेष विषय घेऊन केलेले एमबीए, आणि सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट) किंवा सीएमए (सर्टिफाइड मॅनेजमेंट अकाउंटंट) यांसारख्या व्यावसायिक संस्थांच्या परीक्षा. तिन्हींच्या माहितीपत्रकांत प्रकरणांची शीर्षके जवळपास सारखी असतात. म्हणून शीर्षकांवरून तुलना करणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. तुलना करायची ती एकच प्रश्न तिन्ही ठिकाणी कसा हाताळला जातो याची.

त्याआधी विशेष पदवीविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. वित्त या नावाखाली दोन वेगळे विषय एकत्र नांदतात. हॅरी मार्कोविट्झ यांचा 1952 चा गुंतवणूकसंचाचा (पोर्टफोलिओचा) सिद्धांत, विल्यम शार्प यांचे 1964 चे भांडवली मालमत्तांच्या किंमतनिश्चितीचे प्रारूप आणि फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांचे 1973 चे ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काची, किंमत काढण्याचे सूत्र ही सारी मांडणी बाजारात पैसा लावणाऱ्याच्या किंवा बाजारात व्यवहार करणाऱ्याच्या बाजूने झालेली आहे. कंपनीच्या आत बसून निर्णय घेणाऱ्याला त्यांपैकी शार्प यांच्या प्रारूपाची गरज भांडवलाचा खर्च, म्हणजे पैसा पुरवणाऱ्यांना अपेक्षित असलेला परतावा, काढताना रोज पडते. ऑप्शनच्या सूत्राची क्वचितच. तरीही अनेक विशेष पदव्यांमध्ये अनिवार्य विषयांचा मोठा हिस्सा गुंतवणूकसंच, डेरिव्हेटिव्ह (ऑप्शनसारखे, दुसऱ्या मालमत्तेच्या किमतीवर बेतलेले करार) आणि अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण) यांना दिलेला असतो आणि कंपनी वित्त एखाद्याच विषयात आटोपलेले असते. ज्याला कंपनीच्या वित्त विभागात काम करायचे आहे त्याने वैकल्पिक विषयांची लांबलचक यादी पाहून हुरळून जाऊ नये. अनिवार्य विषयांपैकी किती विषय कंपनीच्या बाजूने लिहिलेले आहेत, एवढेच मोजावे.

आता कर्ज किती घ्यावे हा प्रश्न घेऊ. विशेष पदवीत त्याची सुरुवात फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांच्या 1958 च्या सिद्धांतापासून होते. कर नाहीत, दिवाळखोरीचा खर्च नाही आणि सर्वांकडे सारखीच माहिती आहे असे गृहीत धरले, तर कर्ज आणि समभाग यांचे प्रमाण बदलून कंपनीचे मूल्य बदलत नाही, हे विद्यार्थ्याला सिद्ध करून दाखवावे लागते. मग एकेक गृहीतक काढून घेतले जाते. व्याजावरील करसवलत विचारात घेतली की कर्जाच्या बाजूने पारडे झुकते. ही दुरुस्ती त्याच दोघांनी 1963 मध्ये मांडली. व्यवस्थापक आणि भागधारक, तसेच भागधारक आणि धनको यांच्या हितसंबंधांतील विसंगतीचा खर्च मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी 1976 मध्ये हिशेबात आणला. कंपनीविषयी बाहेरच्यांपेक्षा आतल्यांना अधिक माहिती असते, त्यामुळे नवे समभाग विकायला काढणे हीच बाजाराला वाईट बातमी वाटू शकते, आणि म्हणून कंपन्या आधी स्वतःकडील शिल्लक, मग कर्ज आणि शेवटी समभाग या क्रमाने पैसा उभारतात, हे स्टुअर्ट मायर्स आणि निकोलस मज्लूफ यांचे 1984 चे विवेचन त्यानंतर येते. शेवटी प्रत्यक्ष कंपन्यांची आकडेवारी घेऊन यांपैकी कोणते स्पष्टीकरण टिकते हे तपासायला सांगितले जाते. असे शिकलेल्याला ‘आपल्या क्षेत्रातील सर्व कंपन्यांवर इतके कर्ज आहे, म्हणून आपणही घेऊ’ या युक्तिवादातील पोकळपणा चटकन दिसतो. मात्र बँकेशी कर्जाच्या अटींविषयी बोलणी कशी करावीत हे त्याला तेथे कोणी शिकवत नाही.

एमबीएमध्ये हाच प्रश्न एखाद्या कंपनीच्या प्रकरणाच्या (केस स्टडीच्या) रूपाने येतो. कंपनीकडे स्थिर उत्पन्न आहे, कर्ज जवळपास नाही, आणि एका मोठ्या भागधारकाने कर्ज काढून समभागांची पुनर्खरेदी करण्याचा आग्रह धरला आहे. संचालक मंडळाने काय करावे? विद्यार्थ्याला ताळेबंदातून आकडे काढावे लागतात, काही माहिती अपुरी असूनही निर्णय घ्यावा लागतो आणि वर्गात तो इतरांच्या हरकतींसमोर टिकवावा लागतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलने 1908 मध्ये एमबीए सुरू केले आणि पुढे प्रकरणांवर आधारलेली ही पद्धत रूढ केली. आज बहुतेक व्यवस्थापन संस्था ती कमीअधिक प्रमाणात वापरतात. या पद्धतीची ताकद अशी की वित्ताचा निर्णय विक्री, उत्पादन आणि मनुष्यबळ यांपासून तोडून पाहता येत नाही. तिची कमजोरी अशी की सिद्धांताचा पाया कच्चा असलेला विद्यार्थीही आत्मविश्वासाने बोलून वेळ निभावून नेऊ शकतो, आणि चर्चेत चांगले बोलणे म्हणजे विषय समजणे असा त्याचा स्वतःचाच गैरसमज होतो. माझ्या मते एमबीएच्या वाटेचा हा सर्वांत मोठा धोका आहे, आणि माहितीपत्रकातून तो कधीच कळत नाही.

व्यावसायिक परीक्षेत तोच प्रश्न ठरावीक वेळात सोडवायच्या गणितासारखा येतो. दुसऱ्या कंपनीचा बीटा, म्हणजे बाजार हलला की तिचा समभाग किती हलतो याचे माप, दिलेला असतो. त्यातील कर्जाचा परिणाम काढून टाकून तो आपल्या कंपनीच्या कर्जप्रमाणाला जुळवायचा, भांडवलाचा भारित सरासरी खर्च (कर्ज आणि समभाग यांच्या खर्चाची त्यांच्या प्रमाणानुसार सरासरी) काढायचा आणि दोन ओळींत शिफारस लिहायची. येथे अचूकता आणि वेग यांची सवय लागते. गृहीतक बदलले तर उत्तर का बदलते, या प्रश्नासाठी वेळ क्वचितच मिळतो.

गुंतवणूक प्रस्तावांच्या निवडीतही हाच फरक दिसतो. एका प्रस्तावात 100 गुंतवून वर्षाअखेर 150 मिळतात आणि दुसऱ्यात 1,000 गुंतवून 1,300 मिळतात असे समजा. अंतर्गत परताव्याचा दर, म्हणजे गुंतवलेल्या पैशावर प्रस्तावातून मिळणारा वार्षिक टक्का, पहिल्याचा 50 टक्के आणि दुसऱ्याचा 30 टक्के येतो. पण भांडवलाचा खर्च 10 टक्के धरला तर निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत वजा गुंतवणूक, पहिल्याचे सुमारे 36 आणि दुसऱ्याचे सुमारे 182 भरते. दोन्हींपैकी एकच घेता येणार असेल तर दुसरा घ्यावा, हे तिन्ही वाटांवर शिकवले जाते. दुसऱ्या प्रस्तावातील 1,300 हा अंदाज कोणी केला, तो फुगवण्यात त्याचे काय हित होते आणि विक्री पाचव्या हिश्शाने कमी झाली तर काय होईल, हे प्रश्न एमबीएच्या वर्गात अधिक आग्रहाने विचारले जातात. 10 टक्के हा दर आला कोठून, हे विशेष पदवीत.

दर कोठून आला या प्रश्नाचे महत्त्व जॉन ग्रॅहम आणि कॅम्बेल हार्वे यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसून येते. त्यांनी 392 मुख्य वित्त अधिकाऱ्यांना विचारले तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश अधिकारी निव्वळ वर्तमान मूल्य आणि अंतर्गत परताव्याचा दर नेहमी किंवा जवळजवळ नेहमी वापरत असल्याचे आढळले. मात्र प्रस्तावाच्या स्वतःच्या जोखमीऐवजी सबंध कंपनीच्या जोखमीवर बेतलेला दर लावणाऱ्यांची संख्याही बरीच होती. कर्ज काढताना त्यांना वित्तीय लवचीकता (गरज पडेल तेव्हा पैसा उभारण्याची मोकळीक) आणि पतमानांकन यांची चिंता अधिक होती, म्हणजे विशेष पदवीत ज्या सिद्धांतांवर कित्येक आठवडे खर्च होतात त्यांपेक्षा साध्या आणि व्यवहारी निकषांची. यावरून कोणी सिद्धांत निरुपयोगी ठरवतात. मला उलट वाटते: तंत्र सर्वांना येते आणि चूक त्यात भरलेल्या दरात होते, तेव्हा तो दर तपासण्याची क्षमता ज्या शिक्षणातून येते त्याचे मोल वाढते.

प्रवेश आणि कालावधी यांबाबत थोडक्यात सांगता येईल. युरोपातील श्रेयांक पद्धतीनुसार पूर्णवेळ वर्षाला 60 श्रेयांक धरले जातात आणि एका श्रेयांकासाठी 25 ते 30 तासांचा अभ्यास अपेक्षित असतो; त्यामुळे 120 श्रेयांकांची दोन वर्षांची पदवी आणि ब्रिटनमधील एका वर्षाची पदवी यांचे कष्ट एका मापाने मोजू नयेत. एमबीए अमेरिकेत सामान्यतः दोन वर्षांचे असते, तर इन्सियादसारख्या युरोपीय व्यवस्थापन संस्थेत ते 10 महिन्यांत संपते. विशेष पदवी बहुतांशी नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी आणि एमबीए काही वर्षे नोकरी केलेल्यांसाठी असते. पण नावांवर विसंबू नये. लंडन बिझनेस स्कूलमध्ये मास्टर्स इन फायनान्शियल ॲनालिसिस ही पदवी अनुभव नसलेल्यांसाठी आणि मास्टर्स इन फायनान्स ही अनुभवी लोकांसाठी आहे. गणिताची तयारी हा भाग अधिक गंभीर आहे. संख्याशास्त्र आणि प्रतिगमन (रिग्रेशन) विश्लेषण न शिकलेला विद्यार्थी विशेष पदवीच्या पहिल्या सत्रात मागे पडतो, आणि एका वर्षाच्या अभ्यासक्रमात मागे पडलेल्याला सावरायला सवड मिळत नाही. एमबीएमध्ये त्याची अडचण कमी होते, पण जमाखर्चाचे ज्ञान नसेल तर तेथेही ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक वाचण्याची सवय आधीच करून घ्यावी.

व्यावसायिक परीक्षांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. सीएफए ही वित्तातील प्रतिष्ठित पात्रता असल्यामुळे कंपनीच्या वित्त विभागासाठीही तीच उत्तम, असे मानले जाते. तिचा रोख मात्र गुंतवणूक विश्लेषणावर आहे. अलीकडच्या रचनेत पहिल्या पातळीवर कंपन्यांच्या वित्तनिर्णयांशी निगडित विषयाला 6 ते 9 टक्केच भार आहे, आणि तीन पातळ्यांपैकी प्रत्येकीसाठी सुमारे 300 तासांचा अभ्यास सुचवला जातो. एवढा वेळ कंपनी वित्तासाठी द्यायचा असेल तर अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट अकाउंटंट्सची दोन भागांची सीएमए परीक्षा अधिक जवळची आहे. तिच्या दुसऱ्या भागात वित्तीय पत्रकांचे विश्लेषण, कंपनी वित्त, निर्णय विश्लेषण आणि गुंतवणूक निर्णय हेच मुख्य विषय आहेत. ज्याला पुढे कंपन्यांचे मूल्यांकन किंवा समभाग संशोधन करायचे आहे त्याने सीएफएचा विचार जरूर करावा. मात्र या दोन्ही पात्रतांसाठी परीक्षेखेरीज कामाचा अनुभवही लागतो, त्यामुळे निव्वळ परीक्षा देऊन हातात प्रमाणपत्र येत नाही.

खेळत्या भांडवलाकडे पुन्हा वळणे मला भाग आहे, कारण कंपन्या नफ्यात असूनही अडचणीत येतात त्या बहुधा येथेच. माल सरासरी 60 दिवस पडून राहतो, ग्राहकांकडून पैसे यायला 45 दिवस लागतात आणि पुरवठादारांना 30 दिवसांनी पैसे द्यायचे असतात, तर कंपनीचा पैसा 75 दिवस अडकून राहतो. विक्री दुप्पट झाली की अडकणारी रक्कमही साधारण दुप्पट होते, आणि ती आणायची कोठून हा प्रश्न नफा वाढत असतानाच उभा राहतो. विशेष पदवीत या विषयाला अनेकदा शेवटचे एखादे व्याख्यान मिळते. एमबीएमध्ये तो प्रकरणांतून अधूनमधून डोकावतो. पद्धतशीर अभ्यास हवा असेल तर या एका बाबतीत सीएमएसारख्या व्यवस्थापन लेखापालांच्या परीक्षा दोन्ही पदव्यांना मागे टाकतात.

या सगळ्यावरून माझी शिफारस सरसकट नाही. वाणिज्य, अर्थशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी नुकतीच घेतलेल्या, गणिताची भीती नसलेल्या आणि वित्तातच राहायचे ठरवलेल्या विद्यार्थ्याने विशेष पदवी घ्यावी. मात्र तिच्या अनिवार्य विषयांत कंपनी वित्ताला निदान दोन स्वतंत्र विषय असावेत आणि प्रबंधासाठी खऱ्या कंपन्यांची आकडेवारी वापरण्याची सोय असावी. उत्पादन, विक्री किंवा तंत्रज्ञान यांत काही वर्षे काढून वित्ताकडे वळू पाहणाऱ्याला एमबीए अधिक उपयोगी पडेल, कारण त्याचा आधीचा अनुभव तेथे वाया जात नाही आणि पदासोबत क्षेत्रही बदलण्याची संधी मिळते. जो आधीच लेखा किंवा वित्त विभागात आहे आणि ज्याला तेथेच वर चढायचे आहे, त्याने पूर्णवेळ पदवीसाठी नोकरी सोडण्यापूर्वी व्यावसायिक परीक्षेचा एक भाग देऊन पाहावा. नोकरी सोडण्याची खरी किंमत शुल्कात दिसत नाही, ती बुडालेल्या पगारात आणि हुकलेल्या बढतीत असते, आणि निव्वळ वर्तमान मूल्य शिकू पाहणाऱ्याने ती हिशेबाबाहेर ठेवणे शोभत नाही.

अर्धवेळ आणि दूरस्थ अभ्यासक्रम हा त्या नोकरदारासाठी मधला पर्याय आहे. सिद्धांत आणि गणित दूरस्थ पद्धतीने चांगले शिकता येते. प्रकरणांवरील चर्चा मात्र प्रत्यक्ष वर्गाइतकी रंगत नाही. म्हणून दूरस्थ शिकायचे असेल तर विशेष पदवी घ्यावी आणि दूरस्थ एमबीए घेण्याआधी चर्चेचे तास थेट होतात की ध्वनिचित्रफिती पाहून उत्तरे लिहायची असतात, हे संस्थेला लेखी विचारावे. त्याच पत्रात मागील वर्षाची एखादी प्रश्नपत्रिका मागावी. प्रश्नपत्रिकेत सूत्रे दिलेली असून निर्णयाचे समर्थन मागितलेले आहे की सूत्रेच आठवून लिहायची आहेत, हे पाहिले की त्या संस्थेत नेमके काय शिकायला मिळेल याचा बराच अंदाज येतो.