सुरईवरचं ऑर्किड की प्लास्टिकच्या कुंडीतलं?

नागपुरात नवतपा लागला की कूलरसमोर बसलेला माणूसही सुकतो, तिथे अंगठ्याएवढ्या ऑर्किडची काय कथा! ओलावा हवाच, पण मुळांना हवाही हवी. घोळ तिथेच होतो.

प्लास्टिकची कुंडी नि मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) हा स्वस्त, सोपा मार्ग. पाणी बराच वेळ टिकतं. पण पावसाळ्यात मधलं मॉस वाळतच नाही. गेल्या श्रावणात माझं एक रोप वरून हिरवंगार होतं. उपसून पाहिलं तर मुळं तपकिरी, बोटात दाबली की पचकन फुटणारी.

मग न रंगवलेली छोटी सुरई आणली. रोप तिच्या बाहेरून दोऱ्याने बांधलं, आत पाणी. पाणी भिंतीतून पाझरतं, वाफ होताना भिंत गार करतं, माठाचीच युक्ती. मुळं मातीला अशी चिकटतात की सोडवताना तुटतील. ओली असताना हिरवट, वाळली की चांदीसारखी, म्हणजे पाणी कधी घालायचं तेही तीच सांगतात. सुरई घेताना मात्र रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर नसेल तर ती बिनकामाची.

खोट हिच्यातही आहे. बोअरच्या पाण्याने पांढरे थर चढतात, छिद्रं बुजतात. म्हणून पावसाचं किंवा आरओचं पाणी. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ भरावी लागते. वारंवार गावाला जात असाल तर प्लास्टिकच बरं. आणि मास्डेव्हालियासारखी थंड डोंगरातली जात आणलीत, तर नागपूरच्या उन्हाळ्यात सुरईही हात टेकेल.