कौटुंबिक न्यायालयातली ॲक्सेसची खोली: सुरुवातीला उपयोगी, कायमची नको

घटस्फोटाचा किंवा मुलाच्या ताब्याचा दावा चालू असताना बापलेकरांची भेट, म्हणजेच ॲक्सेस, बऱ्याचदा कौटुंबिक न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत होते. ज्या घरांत बोलणंच तुटलंय, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, वाद झालाच तर समुपदेशकांकडे जाता येतं आणि भेटीची नोंद राहते. हजेरीची सही चुकवू नका. मुलाला आणलं नाही, तरी आपण आलो होतो हे त्याच दिवशी लिहवून घ्या.

खोलीत मूल लगेच खुलत नाही. आई समोर दिसत असेल तर त्याचं अर्धं लक्ष तिकडेच असतं. दोघांनी समुपदेशकांसमोर बसून तिची जागा आधीच ठरवावी. शाळेतून थेट आलेलं मूल भुकेलं असतं, तेव्हा डबा न्या. महागडी खेळणी नकोत. पुढच्या भेटीत पुरं करता येईल असं काहीतरी न्या: जिगसॉ, चित्रांची वही. ‘आई माझ्याबद्दल काय म्हणते?’ हे तर विचारूच नका.

या सोयीची मोठी उणीव वेळापत्रकात आहे. भेट अनेकदा कामाच्या दिवशी, म्हणजे बापाची रजा आणि मुलाची शाळा दोन्ही बुडतात. त्यात न्यायालयाच्या मे आणि दिवाळीच्या सुट्ट्या. दोन-तीन भेटी हुकल्या की मूल पुन्हा परकं होतं, आणि कित्येक बाप हळूहळू यायचेच थांबतात. म्हणून अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) अर्जातच टप्पे मागा: पहिल्या चार भेटी खोलीत, मग शनिवारी १० ते ५ बाहेर, पुढे ओव्हरनाइट (रात्रीचा मुक्काम), नंतर शाळेच्या सुट्ट्यांची निम्मी वाटणी. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीने लिहिलेल्या अटींमध्ये, ‘परस्पर सोयीने’ हे शब्द येऊ देऊ नका, सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. वार, वेळ, मूल कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, हुकलेली भेट कधी भरून द्यायची, सगळं लिहा. बाप परगावी किंवा परदेशी असेल तर व्हिडिओ कॉलची वेळही. सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या यशिता साहू प्रकरणात ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलू देण्याचा मुद्दा स्पष्ट मांडला आहे.

ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो; हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली बदल मागता येतो. मात्र भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवू नका. त्याने मुलाचंच नुकसान होतं, आणि न्यायालयात आपली बाजूही पडते.