रामकुंड परिसर, पंचवटी - ३ स्टार

रविवारी आईला घेऊन गेलेलो, सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्ता खोदलाय म्हणून रिक्षावाल्याने लांबच सोडलं, मग खडीतनं तिचा हात धरून हळूहळू चालत गेलो, तिचे गुडघे दुखतात हो. पण कामं व्हायलाच पाहिजेत. २००३च्या कुंभात इथेच पंचवटीत चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली, हे नाशिककर विसरू शकत नाही, त्यामुळे रस्ता रुंद होत असेल तर थोडा त्रास मी आनंदाने सहन करीन. फक्त खोदलेल्या जागी धड बॅरिकेड आणि म्हाताऱ्यांसाठी सपाट वाट ठेवा ना! घाटाच्या पायऱ्यांना रेलिंगही हवंच. संध्याकाळची गोदेची आरती मात्र डोळे भरून आले बघून. सध्या जाणार असाल तर चांगली पकड असलेली चप्पल घाला.