१९५९ च्या चार जॅझ तबकड्या: आधी कोणती ऐकावी?

जॅझ ऐकायला सुरुवात कुठून करू, असं विचारलं की बहुतेक जाणकार एकच नाव सांगून मोकळे होतात: माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. त्याच १९५९ सालात आणखी तीन तबकड्या मुद्रित झाल्या: डेव्ह ब्रूबेकची ‘टाइम आउट’, चार्ल्स मिंगसची ‘मिंगस आह अम’ आणि ऑर्नेट कोलमनची ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’. पहिल्या तिघांनी तर न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरचा कोलंबिया कंपनीचा एकच स्टुडिओ वापरला. जुन्या चर्चच्या इमारतीतला हा स्टुडिओ आवाजाच्या गोलाईसाठी नावाजलेला होता. चौथी लॉस एंजेलिसकडची.

कान रागसंगीतावर वाढलाय आणि चारांतून एक आधी निवडायचीय, असं धरून चालू.

थोडी पार्श्वभूमी हवी. १९४० च्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी बीबॉप हा जॅझचा वेगवान प्रकार रुजवला. त्यात कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गुच्छ) इतक्या झपाट्याने बदलतात की वादकाला प्रत्येक वळणावर स्वरांचा हिशेब चुकता करत पळावं लागतं. थक्क करणारं काम, पण दहा-पंधरा वर्षांनी अनेकांना त्याचाच काच वाटू लागला. त्यातून सुटायच्या वाटा या तबकड्यांत दिसतात.

डेव्हिसने कॉर्डच कमी करून टाकल्या. ‘सो व्हॉट’ ही पहिली रचना घ्या. चार मात्रांची ३२ आवर्तनं झाली की एक फेरी पुरी. पहिली १६ एका षड्जावर, पुढची ८ अर्ध्या स्वराने वरच्या षड्जावर, शेवटची ८ परत मूळ जागी. दोन्हीकडे स्वर डोरियन मोडचे, म्हणजे आपल्या काफी थाटाचे. वादकाला एवढी ऐसपैस जागा मिळाल्यावर काय होतं ते ऐकायला तीन माणसं आहेत: ट्रम्पेटवर मोजकेच स्वर लावून थांबणारा डेव्हिस, सॅक्सोफोनवर पायऱ्या भराभर चढणारा जॉन कोल्ट्रेन आणि त्याच वाद्यावर ब्लूजचा, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या लोकगीतांचा, रंग न सोडणारा कॅननबॉल ॲडर्ली. मागे बिल एव्हन्सचा पियानो. आपल्या श्रोत्याला पहिल्याच बैठकीत हे आवडतं, यात नवल नाही.

माझी हरकत इथेच आहे. सवयीचा कान यात रागच शोधतो. काफीचे स्वर ओळखीचे वाटतात, पण इथे ना रागाचं चलन आहे ना वादी-संवादी. आणि त्या शोधात पॉल चेंबर्सचा बास व जिमी कॉबची झांज मिळून जो झोका देतात, ज्याला स्विंग म्हणतात, तो पार्श्वसंगीतासारखा मागे पडतो. तबकडी आवडते, जॅझची ओळख मात्र होत नाही.

‘टाइम आउट’चं आकर्षण तालाचं. ब्रूबेक १९५८ साली अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर निघाला होता. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने २+२+२+३ असा नऊ मात्रांचा ठेका ऐकला आणि त्यावर ‘ब्लू रोंडो आ ला तुर्क’ बांधली. त्याच दौऱ्यात तो मुंबईतही आला होता आणि उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर वाजवून गेला. ‘टेक फाइव्ह’ मात्र ब्रूबेकची नाही, सॅक्सोफोनवादक पॉल डेसमंडची. ३+२ अशा पाच मात्रा. जो मोरेलो ड्रम वाजवत असताना ब्रूबेक पियानोवर एकच तुकडा धरून बसतो. तबल्याच्या एकल वादनात पेटीवर नगमा धरतात, तंतोतंत तेच काम. (डेसमंडने या रचनेची मिळकत मृत्युपत्रात अमेरिकन रेड क्रॉसला देऊन टाकली.)

सगळ्यांत सोपी तबकडी हीच. पण नऊ आणि पाच मात्रांची नवलाई अमेरिकन श्रोत्याला होती. झपताल, रूपकावर मान हलवणाऱ्याला ती तितकी वाटणार नाही. मग डेसमंडचा तो कोरडा, हलका स्वर उरतो. तो सुरेखच आहे, पण चारांत पहिला नंबर द्यावा इतका नाही.

माझं मत मिंगसला. कारण बाकीचे तिघे पुढे निघालेले असताना हा मागचं सगळं बरोबर घेऊन चालतो. ‘बेटर गिट इट इन युअर सोल’मध्ये काळ्या लोकांच्या चर्चमधल्या टाळ्या आणि आरोळ्या आहेत. ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ हा सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचा शोक आहे. यंग मार्चमध्ये गेला, मे महिन्यात ही रचना मुद्रित झाली. एका रचनेत ज्येष्ठ जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टनला सलाम, एकीत न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या पियानोवादकाची, जेली रोल मॉर्टनची आठवण. ‘फेबल्स ऑफ फॉबस’ ही अमेरिकेतल्या आर्कान्सो राज्याचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याची टर आहे. १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना अडवायला त्याने नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव दलाचे, सैनिक उभे केले होते. कोलंबियाच्या तबकडीवर ती शब्दांविना आहे. शब्दांसह पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे निघाली.

मिंगस अनेकदा कागदावरची स्वरलिपी बाजूला ठेवून वादकांना पियानोवर वाजवून, गाऊन रचना शिकवायचा. आपल्याकडच्या तालमीशी नातं सांगणारी ही गोष्ट ऐकतानाही जाणवते, कारण फुंकवाद्यं एकत्र आली तरी एका साच्यातून काढल्यासारखी वाजत नाहीत. शिवाय सी. रामचंद्रांनी गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट याला हाताशी धरून जे ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचं वादन, चित्रपटगीतांत आणलं, त्यावर पोसलेल्या कानाला हा ताफा परका वाटत नाही.

कोलमनला शेवटी ठेवा. त्याने पियानोच काढून टाकला, म्हणजे कॉर्डचा पहारा उठला. तो स्वतः पांढऱ्या प्लॅस्टिकचा आल्टो सॅक्सोफोन वाजवायचा. नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात हा ताफा आला तेव्हा कुणी त्याला डोक्यावर घेतलं, कुणी ढोंगी ठरवलं. ‘लोनली वुमन’ एकदा ऐकून बघा: खाली ड्रम द्रुत लयीत पळताहेत आणि वर दोन वाद्यं विलंबितात विलाप करताहेत. हे रुचलं तर उरलेली तबकडी तुमची. नाही रुचलं तर वर्षभराने परत या.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. ‘मिंगस आह अम’च्या मूळ तबकडीवर बऱ्याच रचना कापून लहान केल्या होत्या, त्यामुळे पूर्ण लांबीची नंतरची आवृत्ती घ्या. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या जुन्या प्रतींत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना किंचित चढ्या स्वरात वाजतात, कारण मुद्रणाच्या वेळी टेपचं यंत्र हळू चालत होतं. ही चूक १९९० च्या दशकात दुरुस्त झाली. तंबोरा लावून स्वर ताडून बघायची हौस असेल, तर जुनी प्रत घेऊ नका.