केबल क्रंच की हँगिंग लेग रेज?

जिममध्ये पोटासाठी नेमकं काय करावं, हा प्रश्न फिरून फिरून दोन गोष्टींवर येतो: बारला लटकून पाय वर घ्यायचे (हँगिंग लेग रेज), की केबल मशीनसमोर गुडघ्यांवर बसून, पुलीवरून वजनाला जोडलेला रोप म्हणजे दोर खाली ओढायचा (केबल क्रंच). पहिला प्रकार मी आठ महिने केला, दुसरा दोन वर्षं करतोय. (चरबी दोन्हींनी उतरत नाही. तो हिशेब ताटातला, इथे नको.)

लेग रेज दिसायला भारी, आणि नीट जमला तर त्याच्या तोडीचं फार काही नाही, हे मान्य. अट एकच: पाय वर येताना ओटीपोट छातीकडे वळलं पाहिजे. नुसते पाय काटकोनात आणून सोडले तर मेहनत बरीचशी जांघेचे स्नायू करतात, पोट नुसतं हजेरी लावतं. हे माझ्या लक्षात यायला तीन महिने गेले. तोवर जांघाच भरून यायच्या.

पण माझं खरं भांडण तळहातांशी. मी ठाण्यात राहतो. जूनच्या हवेत बार पकडला की मिनिटभरात हात ओले. आठव्या रेपला, म्हणजे आठव्यांदा पाय वर घेताना, बोटं सुटायला लागायची आणि पोट म्हणायचं, अजून चार होतील की! शिवाय पाय खाली येताना अंगाला झोका बसायचा, तो थांबवण्यात पुन्हा पकड खर्च. सेट (सलग रेप्सची एक फेरी) रोज हातांमुळे संपायचा, पोटामुळे कधीच नाही. चॉक (हात कोरडे ठेवणारी पांढरी पूड) लावायचा तर जिममध्ये मनाई. कोपरात अडकवायचे पट्टे आणले, ते काखेशी काचले. लहानपणी मल्लखांब केलेल्या मित्रापुढे हे गाऱ्हाणं गायलो तर तो नुसता हसला. त्याच्यासारखी पकड असेल तर पुढचं वाचू नका, खुशाल लटका.

केबलला हा ताप नाही. योगा मॅटची दुहेरी घडी गुडघ्यांखाली, रोपच्या दोन्ही गाठी कानांशी, आणि कपाळ मांड्यांच्या दिशेने गुंडाळत न्यायचं. श्वास सोडत. हात फक्त हूकसारखे अडकवायचे, हातांनी ओढायचं नाही. ढुंगण टाचांवर टेकलं की समजा रेप वाया गेला. नवखे हमखास तिथेच चुकतात, मीही चुकलो. मशीनवर वजन ठरवणारी पिन १५ किलोवर ठेवून सुरुवात केली, आता ३५ वर बारा रेप होतात. पुढे सरकलो की नाही, हे पिनच सांगते. लटकताना ते कळायचं नाही.

उणिवा आहेत. वजन फार वाढवलं की मशीनच आपल्याला वर उचलायला बघतं. कंबरेत गादी सरकलेली असेल तर वजन घेऊन असं वाकण्याआधी डॉक्टरांना विचारा. बार घराच्या दारातही बसतो. केबलसाठी जिमच गाठावं लागतं, आणि संध्याकाळी सातला तिथे ट्रायसेप्सवाल्यांची (दंडाच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम करणाऱ्यांची) रांग. मी "दादा, मध्ये एक सेट मारू का?" म्हणून घुसतो. सहसा कोणी नाही म्हणत नाही, फक्त पिन परत त्यांच्या वजनावर लावून द्यायची.