नॉकआउटनंतर पस्तिशीतल्या बॉक्सरने थांबावं की पुन्हा रिंगमध्ये उतरावं?

कुस्तीत चीतपट झालेला मल्ल पाठीची माती झटकतो आणि पुढच्या जत्रेत पुन्हा शड्डू ठोकतो. हार मनाला लागते, डोक्याला सहसा नाही. बॉक्सिंगमध्ये हनुवटीवर ठोसा बसून माणूस पडतो तेव्हा डोकं झटक्यात वळतं, कवटीच्या आत मेंदू पिळवटल्यासारखा फिरतो, त्यातले नाजूक तंतू ताणले जातात आणि काही क्षण काम थांबतं. त्यामुळे ‘हार-जीत चालायचीच’ हा तालमीतला दिलासा इथे देऊ नये. पण नॉकआउट झाला म्हणून हातमोजे लगेच खुंटीला टांगा, हाही सरसकट सल्ला बरोबर नाही. निर्णय बॉक्सरने घ्यायचा असो, त्याच्या प्रशिक्षकाने किंवा घरच्यांनी, आधी तो पडला कसा हे पाहावं लागतं.

सगळे नॉकआउट सारखे नसतात

यकृतावर, म्हणजे उजव्या बरगडीखाली, डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, बसला तर भलाभला गडी गुडघ्यावर येतो. शुद्ध पूर्ण असते, पण श्वास अडकतो आणि पाय उचलत नाहीत. दहा आकडे मोजून होतात आणि निकालपत्रावर ‘नॉकआउट’ लागतं. अशा हारीवरून निवृत्तीचा विचार करायचं कारण नाही. पोटाचे स्नायू, कोपरांची जागा आणि पूर्वतयारी तपासावी.

डोक्यावरच्या ठोशाचेही दोन प्रकार करा. एक, न दिसलेला ठोसा. त्याने कोणीही पडतो, कारण मान आवळायला वेळच मिळत नाही. दुसरा, दिसलेला पण चुकवता न आलेला. पस्तिशीनंतर हा दुसरा प्रकार जास्त गंभीर धरा. चित्रफीत निम्म्या वेगाने लावा आणि ठोसा सुटताना बॉक्सरची नजर कुठे होती ते बघा. नजर ठोशावर आहे, खांदाही हलायला लागलाय, तरी डोकं जागचं हटलं नाही, असं एकाच लढतीत चार-पाच वेळा दिसलं तर ते नशीब नव्हे. वय बॉक्सरकडून आधी पाय काढून घेतं, मग झटकन सरकण्याची शक्ती. ठोशातली ताकद सगळ्यात शेवटी जाते. म्हणूनच सँडबॅगवर तो अजून पंचविशीतला वाटतो आणि गफलत होते.

तिसराही एक प्रकार आहे, ज्यात एका ठोशाने पडणं नसतंच. फेऱ्यांमागून फेऱ्या मार खाल्ला आणि शेवटी रेफ्रीने किंवा कॉर्नरने, म्हणजे कोपऱ्यात बसलेल्या त्याच्याच प्रशिक्षकांनी, लढत थांबवली. कागदावर हा ‘टेक्निकल’ नॉकआउट सौम्य दिसतो, पण डोक्याच्या हिशेबात तो अनेकदा एका स्वच्छ ठोशापेक्षा महाग पडतो. 2 ऑक्टोबर 1980 रोजी लास वेगासमध्ये लॅरी होम्सने 38 वर्षांच्या मुहम्मद अलीला दहा फेऱ्या झोडपलं आणि अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. अली एकदाही खाली पडला नव्हता. त्याआधी मेयो क्लिनिकमधल्या तपासणीत एका पायावर उड्या मारणं आणि बोट नाकाला लावणं त्याला नीट जमलं नव्हतं, तरी परवाना मिळाला. वजन सुरेख उतरलेलं, केस काळे, त्यामुळे लोकांना जुना अली परतल्यासारखं वाटलं. चौदा महिन्यांनी तो बहामाजमध्ये ट्रेव्हर बर्बिकशी लढला, गुणांवर हरला आणि मग थांबला. 1984 मध्ये पार्किन्सनचं निदान झालं.

एकच वय, एकच प्रसंग, दोन निकाल

लेनॉक्स लुईस आणि रॉय जोन्स ज्युनियर हे दोन जगज्जेते, दोघेही 35 वर्षांचे असताना एका ठोशाने आडवे झाले. लुईस 22 एप्रिल 2001 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रॅकपनमध्ये, हसीम रहमानकडून पाचव्या फेरीत. जोन्स 15 मे 2004 रोजी लास वेगासमध्ये, अँटोनियो टार्व्हरकडून दुसऱ्या फेरीत. दोघेही पुन्हा रिंगमध्ये उतरले.

कागदावर जोन्सची बाजू बळकट होती. तो याआधी कधी नॉकआउट झाला नव्हता. लुईस 1994 मध्ये ऑलिव्हर मकॉलकडून एकदा झाला होता. पुढे घडलं उलटंच. लुईसने सात महिन्यांनी रहमानला चौथ्या फेरीत आडवं केलं, 2002 मध्ये माइक टायसनला आठव्या फेरीत संपवलं, 2003 मध्ये जखमांमुळे थांबवलेल्या लढतीत व्हिताली क्लिच्कोला हरवलं आणि फेब्रुवारी 2004 मध्ये विजेता असतानाच निवृत्त झाला. जोन्स चारच महिन्यांनी ग्लेन जॉन्सनसमोर उभा राहिला आणि नवव्या फेरीत पुन्हा नॉकआउट झाला. त्यानंतर डॅनी ग्रीन (2009), डेनिस लेबेदेव्ह (2011), एन्झो मकारिनेली (2015) यांनीही त्याला फेऱ्या पूर्ण होण्याआधीच संपवलं.

फरक कशाचा? लुईसच्या हारीची कारणं दुरुस्त होण्यासारखी होती. ब्रॅकपन समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटर उंचीवर आहे, तिथे तो उशिरा पोहोचला. त्याआधी एका हॉलिवूड चित्रपटाच्या चित्रीकरणात वेळ गेला. वजन 253 पौंडांच्या पुढे. परतीच्या लढतीला तो हलका आणि तयार होऊन आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याची शैली लांब हात, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि अंगाच्या वजनावर उभी होती. या गोष्टी पस्तिशीत कुठे जात नाहीत.

जोन्सची शैली प्रतिक्षिप्त वेगावर उभी होती. हात कमरेशी, हनुवटी उघडी, ठोसा आला की फक्त मागे झुकायचं. पंधरा वर्षं हे चाललं, कारण तो इतरांपेक्षा पापणीभर वेगवान होता. मार्च 2003 मध्ये 193 पौंडांवर त्याने हेवीवेट किताब जिंकला आणि त्याच नोव्हेंबरात 175 पौंडांवर उतरून टार्व्हरशी पहिली लढत घेतली. जिंकला, पण घाम निघाला. ती पापणीभर आघाडी गेली तेव्हा गार्डचं, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेल्या हातांचं, छप्परच नव्हतं. चार महिन्यांत नवी शैली शिकून होत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: तुमचा बॉक्सर कशाच्या जोरावर जिंकत आला?

| काय तपासायचं | थांबावं | एकदा उतरायला हरकत नाही |
|---|---|---|
| ठोसा | दिसला, तरी चुकवता आला नाही | दिसलाच नाही, किंवा पोटावर बसला |
| शैली | पाय आणि प्रतिक्षिप्त वेगावर | जॅब, गार्ड, उंची, अंतर राखण्यावर |
| आधीचं वर्ष | सरावातही हलक्या ठोशांनी पाय डगमगले | सरावात काही तक्रार नाही |
| हारीचं कारण | सगळं नीट करूनही हरला | तयारी, वजन, हवामान यांत नेमकी चूक सापडते |

तिसऱ्या ओळीला बाकीच्या तिन्हींएवढं वजन द्या. जिममध्ये 16 औंसांचे मोजे आणि हेडगार्ड असूनही ज्याचे पाय डगमगतात, त्याचं 8 किंवा 10 औंसांच्या मोज्यांसमोर काय होणार? ही गोष्ट प्रशिक्षकाला ठाऊक असते, सरावातल्या जोडीदारांना ठाऊक असते. लढत भरवणाऱ्या प्रवर्तकाला मात्र कोणी सांगत नाही.

‘एकच लढत’ म्हणजे दोनशे फेऱ्या

परतीचा विचार करताना लोक 10 किंवा 12 फेऱ्यांचाच हिशेब मांडतात. आठ आठवड्यांचं शिबिर, आठवड्याला तीन दिवस स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत), दिवसाला आठ फेऱ्या, असं साधं गणित केलं तरी 192 फेऱ्या होतात. डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांपैकी बहुतेक तिथेच बसतात, आणि ते कोणी मोजत नाही. परत उतरायचंच असेल तर पहिली अट हीच घालावी: आठवड्याला एकच दिवस स्पॅरिंग, जास्तीत जास्त सहा फेऱ्या, त्यातल्या निम्म्या फक्त अंगावर मारायच्या. बाकी काम प्रशिक्षकाने धरलेल्या पॅडवर आणि सावलीशी, म्हणजे हवेत ठोसे मारून. ‘एवढ्यावर टायमिंग येत नाही’ असं प्रशिक्षक म्हणाला तर तो खरं बोलतोय. पण मग ज्याला टायमिंगसाठी दोनशे फेऱ्या मार खावा लागतो, त्याने उतरू नये, हेही त्याच वाक्यातून निघतं.

जुन्या बॉक्सरांच्या मेंदूची ही झीज डॉक्टरांनी 1928 मध्येच नोंदवली. ब्रिटनमध्ये 1969 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 224 माजी व्यावसायिक बॉक्सरांपैकी 37 जणांत, म्हणजे सुमारे 17 टक्क्यांत, मज्जासंस्थेच्या इजेची लक्षणं आढळली. ते लोक आजच्यापेक्षा फार जास्त लढती खेळत, हे खरं. पण ज्यांची कारकीर्द लांबली त्यांच्यात प्रमाण जास्त होतं, आणि लांबणारी कारकीर्द हाच तर इथला विषय आहे.

वयाने धोका वाढण्याचं एक यांत्रिक कारणही आहे. वाढत्या वयात मेंदू किंचित आक्रसतो, त्यामुळे कवटीपासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. धक्क्याने त्या फाटल्या की मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठतं. रिंगमधले मृत्यू बहुतेक याच रक्तस्रावाने होतात.

निर्णयाआधीचे सहा महिने

पहिल्या रात्री बॉक्सरला एकटं झोपू देऊ नका. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, डोळ्याची एक बाहुली मोठी, जागं करायला त्रास, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. दुखण्यावर अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांना विचारून पॅरासिटॅमॉल. दारू आणि गाडी चालवणं बंद.

हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डोक्यावरच्या ठोशाने झालेल्या नॉकआउटनंतर किमान 30 दिवस लढत आणि स्पॅरिंग दोन्ही बंद असतं. तीन महिन्यांत दोनदा झालं तर 90 दिवस. वर्षात तीनदा झालं तर वर्षभर. शुद्ध एका मिनिटाहून कमी वेळ हरपली तरी किमान 90 दिवस, त्याहून जास्त हरपली तर 180. हे तरुणांनाही लागू असलेले किमान आकडे आहेत. पस्तिशीनंतर शुद्ध हरपली असेल तर 180 दिवस धरूनच चाला.

या काळात एमआरआय करा, आणि सूक्ष्म रक्तस्राव दिसण्यासाठी लागणारी खास प्रतिमा त्यात घ्यायला सांगा. पण अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून पेढे वाटू नका. ताणलेले तंतू साध्या एमआरआयमध्ये दिसत नाहीत, आणि दीर्घकालीन झिजेचं पक्कं निदान तर मृत्यूनंतरच होतं. त्यामुळे घरगुती तपासण्यांनाही किंमत द्या. पाच वर्षांपूर्वीची मुलाखत आणि आजचं बोलणं शेजारी शेजारी ऐका. शब्द चिकटतात का? एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, डोळे मिटून, 20 सेकंद उभं राहता येतं का? बायकोला विचारा: विसरतो का, विनाकारण भडकतो का? तिला हे जिमच्या आधी कळलेलं असतं.

पैसा कोणाला हवा आहे?

नॉकआउट झालेल्या नामवंत बॉक्सरला महिन्याभरात बोलावणं येतंच. समोर बहुधा 24-25 वर्षांचा चढता गडी असतो, ज्याच्या खात्यात एक मोठं नाव जमा करायचं असतं. 1951 मध्ये ज्यो लुईवर कराची प्रचंड थकबाकी होती. 37 व्या वर्षी तो रॉकी मार्सियानोसमोर उभा राहिला आणि आठव्या फेरीत दोरांतून बाहेर पडला. जेरी क्वॉरीने 1992 मध्ये 47 व्या वर्षी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत लढत घेतली, कारण तिथे परवान्याची अडचण नव्हती. मिळाले हजार डॉलरांच्या आसपास. 53 व्या वर्षी तो गेला तेव्हा स्वतःचं जेवणही त्याला नीट जेवता येत नव्हतं.

एका ठिकाणी परवाना नाकारला म्हणून दुसरं ठिकाण शोधायची वेळ आली, तर तिथेच निर्णय झाला असं समजा.

माजी हेवीवेट विजेता व्लादिमिर क्लिच्को याची गोष्ट याच्या उलट आहे. 29 एप्रिल 2017 रोजी वेम्बलीत 41 व्या वर्षी तो अँथनी जोशुआकडून अकराव्या फेरीत हरला. सहाव्या फेरीत त्याने जोशुआला पाडलं होतं आणि करारात परतीच्या लढतीची तरतूद होती. परत उतरण्याचा त्याच्याइतका हक्क क्वचितच कोणाला असेल. ऑगस्टमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पैशाची निकड नसलेला माणूस कसा निर्णय घेतो, ते इथे दिसतं.

भारतीय बॉक्सरची अडचण थोडी वेगळी आहे. लष्कर, रेल्वे किंवा पोलिसांत नोकरी असेल तर महिन्याचा पगार चालू राहतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतली तर प्रशिक्षकाची वाट आहे. असं काही नसलेल्याने आधी हे उभं करावं आणि मगच पुढच्या लढतीचा विचार करावा, नाहीतर निर्णय भाडं आणि हप्ते घेतात.

गोव्यातली लढत काय सांगते

मार्च 2021 मध्ये पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर, विजेंदर सिंगची सलग 12 विजयांची मालिका रशियाच्या अर्तिश लोपसानने पाचव्या फेरीत तोडली. विजेंदर 35 वर्षांचा होता आणि नोव्हेंबर 2019 नंतर लढला नव्हता. समोर उंच आणि बऱ्याच लहान वयाचा प्रतिस्पर्धी. सव्वा वर्षाचा खंड हे दुरुस्त होण्यासारखं कारण, म्हणून वरच्या तक्त्यात तो उजव्या रकान्यात बसतो. त्याने घाईही केली नाही. ऑगस्ट 2022 मध्ये रायपूरला घानाच्या एलियासू सुलीला दुसऱ्या फेरीत नॉकआउट केलं. मात्र असा झटपट विजय फक्त ठोशाबद्दल सांगतो, आणि ठोसा तर सगळ्यात शेवटी जाणारी गोष्ट. हनुवटी टिकते का, हे दोन फेऱ्यांत कळत नाही.

फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं: डिसेंबर 2012 मध्ये मेक्सिकोच्या हुआन मॅन्युएल मार्केझच्या ठोशाने तोंडावर कोसळला आणि 2019 मध्ये चाळिशीत कीथ थर्मनला हरवून विजेता झाला. खरं आहे. पण कोसळला तेव्हा तो 33 वर्षांचा होता, ठोसा न दिसलेला होता, आणि पुढची लढत त्याने जवळपास वर्षभराने घेतली. या तिन्ही गोष्टी जुळत असतील तरच त्याचं नाव घ्या.

आमचा कौल असा: पस्तिशीनंतर डोक्यावरचा पहिला नॉकआउट, तक्त्यातल्या चारही ओळी उजवीकडे आणि सहा महिने लढत-स्पॅरिंगविना गेलेले, तर एक लढत. दुसऱ्यांदा झालं, किंवा तिसरी ओळ डावीकडे गेली, तर थांबा. आणि थांबायचं म्हणजे सरावातूनही. निवृत्त होऊन रोज संध्याकाळी पोरांबरोबर चार फेऱ्या डोक्यावर मार खाणारे बॉक्सर बरेच असतात; त्यांचं फक्त मानधन बंद झालेलं असतं. पॅड धरा, छाती-पोटाचं संरक्षक कवच घालून अंगावरचे ठोसे घ्या, डोक्यावर एकही नको. परवाना लेखी परत करा आणि त्याची एक प्रत घरी कपाटात ठेवा.